नवा लॅपटॉप आणि ‘कंपनीत जा’

साठ हजारांचा लॅपटॉप घरी आणल्यावर चौथ्या दिवशी पडदा लुकलुकू लागला, तर माणूस आधी दुकान गाठतो. तिथे ठरलेले उत्तर मिळते : “सर, आमच्याकडून सीलपॅक गेला होता. आता कंपनीत दाखवा.” कंपनी म्हणजे तिचे सर्व्हिस सेंटर. तिथला माणूस सांगतो, की आम्ही दुरुस्त करून देऊ, बदलून देणे आमच्या हातात नाही, ते दुकानदाराशी बोला. या दोन काउंटरांमधल्या फेऱ्यांत पहिला महिना सरतो, आणि तोच महिना ग्राहकाच्या सर्वांत कामाचा असतो.

सदोष लॅपटॉपच्या बहुतेक तक्रारी फसतात त्या एका गफलतीमुळे. ग्राहकाच्या हाती दोन वेगळे हक्क असतात. पहिला निर्मात्याने वॉरंटीच्या कागदावर दिलेला, त्याच्या अटींवर चालणारा. दुसरा कायद्याने दिलेला : सदोष वस्तू विकली तर विकणारा त्याला जबाबदार. बाजाराने पहिला हक्क इतका पुढे केला आहे, की दुसरा आपल्याकडे आहे याचाच लोकांना विसर पडला आहे.

दुकानदार हात का झटकतो?

त्याला निव्वळ लबाड ठरवून प्रश्न सुटत नाही. लॅपटॉप कंपनीकडून वितरकाकडे आणि वितरकाकडून दुकानात येतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचे छोटे दुकान असो की मॉलमधले मोठे दालन, दर नगाला सुटणारा नफा तुटपुंजा असतो आणि ऑनलाइन भावाशी सतत झुंज असते. उघडलेला खोका वितरक सहसा परत घेत नाही. घेतला तर कंपनीच्या तंत्रज्ञाने दाखला दिल्यावरच. ‘वस्तू पोचली तेव्हाच निकामी होती’ अशा अर्थाच्या या दाखल्याला बाजारात ‘डीओए’ म्हणतात, आणि तो देण्याची मुदत कंपनीगणिक बदलते. दाखला न मिळता दुकानदाराने लॅपटॉप बदलून दिला, तर तो नग त्याच्याच गळ्यात पडतो. म्हणून तो ग्राहकाला सर्व्हिस सेंटरकडे ढकलतो.

त्याची ही अडचण खरी आहे. पण ती त्याच्या आणि वितरकाच्या व्यवहारातली आहे. ग्राहकाने पैसे दुकानदाराला दिले, बिल दुकानदाराच्या नावाचे आहे, करार त्याच्याशी झाला आहे. वितरक माल परत घेत नाही, हे ग्राहकाला द्यायचे उत्तर होऊ शकत नाही.

आपल्याकडच्या खरेदीच्या सवयीही दुकानदाराच्या पथ्यावर पडतात. दसऱ्याच्या किंवा पाडव्याच्या मुहूर्तावर लॅपटॉप घ्यायचा, पूजा करायची आणि मुलाचे कॉलेज सुरू होईपर्यंत खोका कपाटात ठेवायचा, असे अनेक घरांत होते. बदलून देण्याची मुदत मात्र बिलाच्या किंवा घरपोच मिळाल्याच्या तारखेपासून धावते. खोका उघडला जातो तेव्हा ती उलटलेली असते.

दोष कशाला म्हणायचे?

प्रत्येक त्रास म्हणजे दोष नव्हे, आणि इथे ग्राहकाने स्वतःशी प्रामाणिक राहिलेले बरे. काही बिघाड सॉफ्टवेअरचे असतात : चुकीचा ड्रायव्हर, अर्धवट राहिलेले अपडेट, आधीपासून भरलेले नको ते प्रोग्राम. काही गोष्टी त्या मॉडेलची मर्यादा असतात. पातळ लॅपटॉपवर जड गेम खेळला तर तो तापणार. आणि काही गोष्टी उद्योगाने आधीच ‘चालतात’ म्हणून ठरवून ठेवल्या आहेत. पडद्यावरचे मृत बिंदू हे त्याचे ठळक उदाहरण. आयएसओ ९२४१-३०७ या मानकात पडद्यांचे वर्ग पाडले आहेत आणि वर्गानुसार काही बिंदू बंद असणे मान्य केले आहे. बहुतेक कंपन्या अशाच धर्तीवर आपली मर्यादा ठरवतात. त्यामुळे एका काळ्या ठिपक्यावरून लॅपटॉप बदलून मिळणे कठीण असते.

उलट बिजागरी करकरणे, चार्जिंग मध्येच तुटणे, कळ एकदा दाबली की अक्षर दोनदा उमटणे, एसएसडी अचानक न दिसणे, निळा पडदा येऊन यंत्र वारंवार बंद पडणे हे पहिल्या आठवड्यात दिसले, तर ते वापरातून आले असे म्हणणे अवघड. हे घरच्या घरी पडताळता येते. बहुतेक कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये विंडोज सुरू होण्याआधी चालवता येणारी हार्डवेअर तपासणी असते. ती त्रुटीचा सांकेतिक क्रमांक देते आणि त्या क्रमांकाशी सर्व्हिस सेंटरला वाद घालता येत नाही. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहिले आणि बिघाड तिथेही दिसला, तर ‘विंडोज पुन्हा टाका’ हा सल्ला बाद होतो. विंडोजमधून बॅटरीचा अहवाल काढता येतो. मूळ क्षमता, आजची क्षमता आणि आजवरची चार्जिंगची आवर्तने त्यात दिसतात. एसएसडी किती तास चालली आहे, हेही मोफत साधनांतून कळते. कालच उघडलेल्या ‘नव्या’ लॅपटॉपची एसएसडी शेकडो तास चाललेली निघाली, तर मामला वेगळाच आहे : तो नग आधी कुणाकडे तरी जाऊन आलेला असण्याची शक्यता मोठी.

दुकानातच दहा मिनिटे काढून खोक्यावरचा, यंत्राच्या तळाचा आणि बिलावरचा अनुक्रमांक एकच आहे ना, ते पाहावे. ऑनलाइन मागवला असेल तर खोका उघडतानाचे न तोडलेले चित्रीकरण करावे. कंपनीच्या संकेतस्थळावर वॉरंटी कधीपासून दाखवली आहे, हेही त्याच दिवशी बघावे. कधीकधी ती बिलाऐवजी माल रवाना झाल्याच्या तारखेपासून मोजलेली असते. बिल पाठवून दुरुस्ती करून घेता येते, पण ती सुरुवातीलाच.

कायदा काय म्हणतो?

विक्रेत्याची जबाबदारी ही नवी कल्पना नाही. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याचे कलम १६ सांगते, की त्या प्रकारच्या मालाचा व्यापार करणाऱ्याने वर्णनावरून माल विकला, तर तो विक्रीयोग्य दर्जाचा असणे ही विक्रीची गृहीत अट असते. वरवर पाहून न दिसणारा दोष नंतर निघाला, तरी ही अट कायम राहते. मात्र तिच्यासाठी दिवाणी न्यायालयात जावे लागे, आणि एका मिक्सरसाठी तिथे कोण जाणार? १९७० च्या दशकात ग्राहक चळवळ उभी राहिली तेव्हा महाराष्ट्र आघाडीवर होता. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. तो दिवस आता राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतात.

आज लागू आहे तो २०१९ चा कायदा. तो जुलै २०२० मध्ये अमलात आला. लॅपटॉपच्या तक्रारीत त्याचे एक पोटकलम सर्वांत उपयोगी आहे आणि सर्वांत कमी वापरले जाते. अनुचित व्यापारी प्रथांच्या यादीत, म्हणजे कलम २(४७) मध्ये, बिल न देणे ही एक प्रथा सांगितली आहे. तिच्याच पुढे म्हटले आहे : सदोष वस्तू विकल्यावर ती परत घेऊन पैसे द्यायला बिलावर लिहिलेल्या मुदतीत नकार देणे, आणि तशी मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत नकार देणे, हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा होय. म्हणून बिलामागची बारीक अक्षरे वाचावीत. तिथे सात दिवस लिहिले असतील तर दुकानदार सातच दिवस मोजणार. काहीच लिहिले नसेल तर महिना तुमचा आहे. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी कोणतीही मुदत सांगत नाही. सदोष मालाच्या बाबतीत तिच्या आड लपणे विक्रेत्याला महागात पडू शकते.

ऑनलाइन खरेदीसाठी २०२० चे ई-वाणिज्य नियम आहेत. तक्रार अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि ती महिन्याभरात निकाली काढायची. विक्रेत्याचे नाव-पत्ता ग्राहकाला कळला पाहिजे. सदोष किंवा जाहिरातीपेक्षा वेगळा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. व्यवहारात मात्र लॅपटॉपसारख्या वस्तूंवर ‘फक्त बदलून मिळेल’, ‘आधी सर्व्हिस सेंटरचा अहवाल आणा’ अशा अटी असतात. अहवाल येईपर्यंत बदलून देण्याची खिडकी बंद होते. यावर उपाय एवढाच, की त्या खिडकीच्या आत ॲपवर परतीची विनंती नोंदवायची, ती नाकारली तर त्या नकाराचा फोटो ठेवायचा आणि त्याच दिवशी तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करायचा.

सर्व्हिस सेंटरच्या पायरीवर

इथे ग्राहकाचा तोल जातो तो घाईमुळे. दुरुस्तीला होकार दिला की बदलून मागण्याची बाजू लगेच संपते असे नाही, पण ती दुबळी होते. पहिल्या महिन्यातला बिघाड असेल तर जॉबशीटवर सही करतानाच ‘बदलून मिळण्याचा हक्क राखून तपासणीसाठी दिला’ असे हाताने लिहावे. तोच मजकूर दुकानदाराला ईमेलने कळवावा. बिघाडाचे वर्णन तंत्रज्ञावर सोडू नये. ‘लॅपटॉप चालत नाही’ या तीन शब्दांपेक्षा ‘चार्जर लावलेला असताना वीस मिनिटांत आपोआप बंद होतो’ हे वाक्य पुढे कामी येते. यंत्र देताना त्याच्या चारी बाजूंचे फोटो काढावेत. ‘बाहेरून मार लागला आहे’, ‘आत पाणी गेले आहे’ अशी शेरेबाजी नंतर झाली, तर हेच फोटो उत्तर देतात. मदरबोर्ड बदलला तर बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, चावी मागितली जाते. ती आणि आपली माहिती आधीच बाजूला काढून ठेवावी, कारण माहिती गेली तर आम्ही जबाबदार नाही असे जवळपास प्रत्येक वॉरंटीत लिहिलेले असते.

आणखी एक अट वाचण्यासारखी असते. वॉरंटीत बदलून मिळणारा भाग नवाच असेल असे नाही. ‘नव्याच्या बरोबरीचा’, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा वापरलेला भागही चालेल, असे अनेक कंपन्या लिहून ठेवतात. दोन वर्षे वापरलेल्या यंत्राला ते ठीक. पण चार दिवसांच्या यंत्राचा मदरबोर्ड असा बदलला जातो, तेव्हा नव्याची किंमत मोजलेल्या माणसाच्या हाती उघडलेले, जोडकाम केलेले यंत्र पडते. दुकानदाराचा पिच्छा का सोडू नये, याचे हे सर्वांत सबळ कारण आहे.

आयोगात

समजुतीने मिटले नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. लोक अजून त्याला ग्राहक मंच म्हणतात. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात, आणि पाच लाखांपर्यंत शुल्क काहीच नाही. म्हणजे बाजारातला जवळजवळ प्रत्येक लॅपटॉप विनाशुल्क गटात बसतो. २०१९ च्या कायद्याने एक मोठी सोय केली : ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथेच तक्रार दाखल करता येते. बंगळूरच्या विक्रेत्याकडून मागवलेल्या लॅपटॉपची तक्रार साताऱ्यात करता येते. ती ऑनलाइनही दाखल होते, सुनावणी दृक्‌श्राव्य माध्यमातून मागता येते, आणि वकील असलाच पाहिजे असे नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे.

तक्रार दाखल करून घ्यायची की नाही, हे आयोगाने सहसा २१ दिवसांत ठरवायचे. विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५. हे ४५ दिवस वाढवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले. निकाल शक्यतो तीन महिन्यांत, आणि प्रयोगशाळेची तपासणी लागणार असेल तर पाच महिन्यांत द्यावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पुढे जातात, आयोगांतली पदे रिकामी राहतात आणि लॅपटॉप जुना होतो. हे गृहीत धरूनच पाऊल टाकावे.

आयोग दोष काढून द्यायला, नवी वस्तू द्यायला, व्याजासह पैसे परत करायला आणि नुकसानभरपाई द्यायला सांगू शकतो. आदेश झाल्यावर विरुद्ध पक्षाला अपील करायचे तर आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते, आणि आदेश पाळला नाही तर दंड किंवा तुरुंगवासही होऊ शकतो. या दोन तरतुदींमुळे अनेक विक्रेते निकालाआधीच तडजोडीला येतात.

खरी लढाई पुराव्याची. दोष निर्मितीतलाच आहे हे सांगण्याचे ओझे ग्राहकावर येते, आणि अधूनमधून येणारा बिघाड प्रयोगशाळेत नेमका त्या दिवशी दिसेलच असे नाही. अशा वेळी जॉबशीट बोलतात. वॉरंटीच्या काळात तोच बिघाड घेऊन यंत्र तीनदा-चारदा आत गेले, तर दोष मुळातलाच असल्याचा निष्कर्ष काढणे आयोगाला सोपे जाते. उलट बाजूही आहे. सदोष भाग बदलून काम भागत असेल तर वॉरंटीच्या अटींनुसार तेवढेच मिळेल, अख्खी वस्तू बदलून नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये एका मोटारीच्या खटल्यात घेतली होती. म्हणून केवळ वॉरंटीवर विसंबलेली तक्रार अपुरी पडते. तिच्यात विक्रेत्याने ३० दिवसांत परत घ्यायला दिलेला नकार स्वतंत्र मुद्दा म्हणून आला पाहिजे.

तक्रार कुणाविरुद्ध, याचा धडा गोव्यातल्या एका खटल्यातून मिळतो. विक्रेत्याने २००९ मध्ये बनलेली मोटार २०११ ची म्हणून विकली. ग्राहक आयोगांनी टाटा मोटर्सलाही जबाबदार धरले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीला मोकळे केले : विक्रेता स्वतंत्र व्यापारी आहे, आणि त्याच्या कृत्याची कंपनीला माहिती होती हे सिद्ध झालेले नाही. लॅपटॉपला हाच न्याय लावला तर वापरलेला नग नवा म्हणून विकणे हे दुकानदाराचे पाप, आणि कारखान्यातला दोष कंपनीचा. आधीच एकावर डाव लावण्यापेक्षा विक्रेता, कंपनी आणि ऑनलाइन खरेदी असेल तर ते विक्री-संकेतस्थळ, या सगळ्यांना पक्षकार करावे. कोणाचा वाटा किती, ते आयोग ठरवील.

मधल्या वाटा

प्रत्येक भांडण आयोगापर्यंत न्यायची गरज नसते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही तक्रार नोंदवता येते. तिला आदेश देण्याचा अधिकार नाही. ती तक्रार कंपनीच्या योग्य माणसापर्यंत पोचवते, आणि मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत पुष्कळदा तेवढे पुरते. गल्लीतल्या दुकानाला मात्र तिचा धाक कमी. तिथे ग्राहक पंचायतीसारख्या संघटनेचे पत्र किंवा साधी लेखी नोटीस जास्त काम करते. दाखल झालेली तक्रार मध्यस्थीकडे पाठवण्याची सोयही कायद्यात आहे. कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे तो व्यवहार उलटवून पैसे परत, मागता येतो. लॅपटॉप हप्त्यावर घेतला असेल तर रागाच्या भरात हप्ते थांबवू नयेत. कर्ज देणारी संस्था वेगळी असते, आणि भांडण दुकानदाराशी असताना पत मात्र तुमची बिघडते.

काही जण या छत्राबाहेर राहतात. व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू कायद्यात बसत नाही. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू मात्र बसते. एकट्याने काम करणारा डिझायनर किंवा अनुवादक ग्राहकच आहे. पण बिल फर्मच्या नावाने आणि जीएसटीची वजावट घेतलेली, असे असेल तर विरुद्ध पक्ष पहिला आक्षेप तिथेच घेतो. अमेरिकेतल्या भाच्याने आणलेल्या लॅपटॉपची गोष्ट आणखी वेगळी. विक्रेता परदेशात, आणि वॉरंटी भारतात चालते की नाही हे कंपनी आणि मॉडेलवर अवलंबून. घेण्याआधी ते विचारलेले बरे.

इतर देशांनी काय केले?

ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार सदोष वस्तू ३० दिवसांत विक्रेत्याला परत करून पूर्ण पैसे मागता येतात. पुढे सहा महिन्यांत दिसलेला दोष सुरुवातीपासूनच होता असे धरले जाते. तसे नव्हते हे विक्रेत्याने सिद्ध करायचे. दुरुस्तीची किंवा बदलाची एक संधी वाया गेली, की वस्तू परत करण्याचा हक्क पुन्हा उभा राहतो. युरोपीय संघात विक्रेत्याची जबाबदारी किमान दोन वर्षांची आहे आणि पहिल्या वर्षातला दोष मुळातला मानला जातो. दोन्हीकडे केंद्रस्थानी विक्रेता आहे. निर्मात्याची वॉरंटी ही वरची भर.

आपला कायदा तत्त्वतः याच दिशेने जातो, पण पुराव्याचे ओझे हलवत नाही. ३० दिवसांचा उल्लेख अनुचित प्रथांच्या लांबलचक यादीत दडून बसला आहे. पहिल्या सहा महिन्यांत दिसलेला दोष विक्रीच्या वेळीच होता असे गृहीत धरणारे एक साधे कलम आले, तर बिल फाडल्यावर ‘कंपनीत जा’ म्हणणे दुकानदाराला परवडणार नाही. तो वितरकाशी तसे करार करील आणि वितरक कंपनीशी. ग्राहक संघटनांनी आता या एका मागणीचा पाठपुरावा करावा.

तोवर उरते ते स्वतःची काळजी घेणे. खोका त्याच दिवशी उघडा. पहिल्या आठवड्यात लॅपटॉप भरपूर वापरा. बिघाड दिसला तर कंपनीत जाण्याआधी दुकानदाराला लेखी कळवा, आणि मागणी दुरुस्तीची नव्हे, बदलून देण्याची किंवा पैसे परत करण्याची करा. पैसे ज्याने घेतले, उत्तर त्यानेच द्यायचे आहे.